शिशाचें नाणें

मागील अंकांत अधिक मासाविषयीं लिहितांना, पुढील खेपेस क्षय मासाची हकीकत सांगूं, असें आम्हीं वाचकांस म्हटलें होतें. तें वचन ह्या महिन्यांत पुरें होत नाहीं, याबद्दल क्षमा असावी. दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरीं एक प्रकार घडला आणि तेव्हांपासून पंचांगांत चित्त लागेना. प्रकार म्हटला तर क्षुल्लक आहे. माळ्यावरची एक सागवानी पेटी खालीं काढून उघडली, एवढेंच काय तें झालें.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू जर्मनींत यंत्रशास्त्र शिकतो. तीन वर्षांनीं तो यंदा दिवाळीस छत्रपति संभाजीनगरास आला. औरंगपुऱ्यांतील आमच्या घरांत लहानथोर मिळून चौदा माणसें नांदतात. प्रत्येकासाठीं त्यानें आठवणीनें कांहींतरी आणलें होतें. आमची पाळी शेवटीं आली. एक लहानशी कागदी पुडी आमच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या पेटींत रोमन नाणें नाहीं, असें तुम्ही मला लहानपणीं सांगितलें होतें. हें घ्या." पुडींत रुपयाएवढें, काळसर तांब्याचें, वेड्यावांकड्या कडांचें एक नाणें होतें.

मुलानें बारा-तेरा वर्षांपूर्वींचें आमचें एक वाक्य लक्षांत ठेवावें, ह्याचें आम्हांस नाण्याहूनहि अधिक कौतुक वाटलें. परंतु मास्तरकीची खोड जात नाहीं. आम्हीं चष्मा चढविला, भिंग मागविलें आणि तेथेंच ओसरीवर परीक्षा सुरू केली. एका बाजूस दाढीवाल्या बादशहाचें मस्तक व त्यावर पानांचा मुगुट. दुसऱ्या बाजूस एखादी देवता असेल अशी आमची अटकळ होती; पण तेथें होता एक डोंगर.

हा बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस. त्याचें राज्य इ. स. १९३ ते २११. नाणें पाडलें गेलें तें मात्र रोम शहरांत नव्हे, तर हल्लींच्या तुर्कस्तानांतील कायसेरी, म्हणजे त्या काळची सीझरिया, ह्या गांवीं. डोंगरहि तेथलाच, अर्गेयस नांवाचा. बर्फानें मढलेला आणि गांवाच्या उशाशीं उभा असलेला. त्या प्रांतांतील लोक ह्या डोंगरासच देव मानीत, आणि म्हणून आपल्या पैशावर त्यांनीं त्याचीच स्थापना केली.

येथें वाचकांस थोडें समजावून सांगितलें पाहिजे. रोमन नाणें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें येतो तो सोन्याचा ऑरियस किंवा चांदीचा डिनेरियस. साम्राज्याच्या टांकसाळींत पडलेला, लॅटिन अक्षरांचा, दूरदूरच्या बाजारांत चालणारा. संस्कृतांतील 'दीनार' हा शब्द ह्या डिनेरियसपासूनच आला, आणि तो आपल्या अंगीं इतका मुरला कीं अमरकोशांतहि त्यास जागा मिळाली. परंतु साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत शेंकडों नगरें अशीं होतीं, कीं जीं आपापल्या बाजारापुरता तांब्याचा पैसा स्वतःच पाडीत. एका बाजूस बादशहाचें मस्तक छापलें कीं राजनिष्ठा झाली. दुसरी बाजू गांवाची. तेथें कोणी आपल्या ग्रामदेवतेचें देऊळ काढी, कोणी आपली नदी, तर कोणी सीझरियाप्रमाणें डोंगर. भाषा बहुधा ग्रीक. ह्यांस 'प्रांतिक नाणीं' म्हणतात. त्यांच्या समग्र सूचीचा पहिला खंड १९९२ सालीं निघाला आणि पुढील खंड अजून निघतच आहेत, इतकें तें अफाट काम आहे. अशा नाण्यांस झळाळी नसते. त्यामुळें झिजलेल्या नगाची किंमत विद्यार्थ्याच्या खिशास परवडण्याजोगी असते, आणि आमच्या नातवाचें साधलें तें त्यामुळेंच.

अक्षरें वाचण्यांत आमची एक संध्याकाळ मोठ्या मजेंत गेली. मुलास ग्रीक अक्षरें गणितामुळें ठाऊक. आम्हांस ग्रीक येत नाहीं, पण विभक्तीचा वास येतो. नगराच्या नांवाच्या शेवटीं 'स्' पाहून आम्हीं म्हटलें, ही षष्ठी तर नव्हे? पुडीबरोबरच्या छापील कागदांत अर्थ दिला होता : 'सीझरिया ह्या मातृनगरीचें.' षष्ठीच होती. मातृनगरीसाठीं जो ग्रीक शब्द आहे त्यांतील पहिला अवयव म्हणजे आपलें 'मातृ', दुसरा म्हणजे आपलें 'पुर'. सख्ख्या बहिणी वर्षानुवर्षें भेटल्या नाहींत तरी चेहऱ्यावरून ओळखूं याव्या तसे हे शब्द आहेत. वर्ष अक्षरांनींच लिहिलें होतें. योटा म्हणजे दहा, डेल्टा म्हणजे चार. मिळून राज्यारोहणाचें चौदावें वर्ष, म्हणजे इ. स. २०५-०६. आपल्याकडील कटपयादि रीति ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं.

डोंगर आणि षष्ठी! हीं दोन पाहिल्यावर आम्हांस आमची पेटी आठवली नसती तरच आश्चर्य. आम्हीं पुतण्यास माळ्यावर चढविलें.

ह्या पेटीची पूर्वपीठिका अशी. आमच्या नोकरीचीं पहिलीं नऊ वर्षें पैठणास गेलीं. पैठण म्हणजे पुराणें प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. हल्लींच्या गांवाच्या कडेस गोदावरीकांठीं जी पांढर आहे, तिच्या पोटांत दोन हजार वर्षांचीं घरें एकावर एक निजलेलीं आहेत. पावसाळ्याच्या पहिल्या सरी होऊन माती धुपली कीं खालचें वर येई, आणि झारेकरी ती माती धुऊन पाहत. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, क्वचित् सोन्याची एखादी कणी, आणि नाणीं. सोनें सोनाराकडे जाई. तांबें कासाराकडे मोडीस जाई. शिशाच्या नाण्यांस तर तेवढाहि मान नव्हता; जाळ्यास वजन म्हणून बांधण्यासाठीं भोई मंडळी तीं नेत. आमच्या वर्गांत एका झारेकऱ्याचा मुलगा होता. संस्कृतांत तो फारसा चमकला नाहीं, परंतु शब्द चालविण्याच्या शिक्षेंतून सुटका व्हावी म्हणून कीं काय, एके दिवशीं त्यानें दप्तरांतून एक नाणें काढून आमच्या मेजावर ठेविलें. त्या दिवसापासून आमचें व्यसन सुरू झालें. रुपया-दोन रुपयांस एक, ह्या भावानें आम्हीं तीं घेत गेलों. गौरीशंकर ओझा यांच्या 'भारतीय प्राचीन लिपिमाला' ह्या ग्रंथावरून रात्रीं ब्राह्मी अक्षरें गिरविलीं. सर्व मिळून एकेचाळीस नाणीं जमलीं : शिशाचीं सतरा, तांब्याचीं पंधरा, आणि तांबें, कथील व शिसें यांच्या मिश्रणाचीं नऊ.

रूपानें हीं नाणीं कांहीं मनोहर नाहींत. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती. दुसऱ्या बाजूस एक फुली आणि तिच्या चारी टोंकांस चार वर्तुळें, जिला विद्वान् लोक उज्जयिनी-चिन्ह म्हणतात. कांहींवर कमानींवर कमानी रचून केलेला डोंगर, माथ्यावर चंद्रकोर, आणि खालीं नागमोडी रेघ, ती नदी. भोंवतीं अक्षरें, प्राकृत भाषेंत : 'रञो सिरि सातकणिस.' संस्कृतांत सांगावयाचें तर राज्ञः श्रीसातकर्णेः. येथेंहि षष्ठी! कांहींवर राजाच्या नांवाआधीं 'गोतमिपुतस' किंवा 'वासिठिपुतस' असें असतें. नाण्यावर बापाचें नांव नाहीं, आईच्या गोत्राची ओळख आहे. आमच्या वाचक भगिनींनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

जोगळटेंभीची गोष्ट तर पाठ्यपुस्तकांत असावी अशी आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील ह्या गांवीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं एके ठिकाणीं सांपडलीं. सर्व क्षत्रप नहपानाचीं. एका बाजूस त्याचें मस्तक आणि भोंवतीं ग्रीक वळणाचीं अक्षरें, अगदीं ह्या पाश्चात्य नाण्यांच्या धाटणीवर. परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला डोंगर आणि आपलें उज्जयिनी-चिन्ह पुन्हां ठोकलेलें होतें. नहपानाच्या नाकावर, गालावर, जेथें बसेल तेथें. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री आपल्या पुत्रानें क्षहरात वंशाचा निःपात केला म्हणून सांगते. आई पुत्राची स्तुति करणारच, असें कोणी म्हणेल; पण ह्या नाण्यांनीं तिची साक्ष पुरी केली. रोमच्या प्रांतिक नाण्यांवरहि असे मागाहून मारलेले ठसे पुष्कळ आढळतात.

असो. पेटी खालीं आली. मुलें भोंवतीं गोळा झालीं. झांकण उघडलें, आणि आमच्या तोंडून शब्द निघेना. वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून ठेवलेल्या शिशाच्या पुड्यांतून पांढरी पूड गळत होती. पांच नाणीं तर नांवालाहि उरलीं नव्हतीं. बोट लावतांच हत्तीची सोंड, चंद्रकोर, सातकर्णीचा 'सा', सर्व पिठासारखें झालें. उरलेल्या बारांपैकींहि कित्येकांवर पांढरे फोड आले होते. जमिनीखालीं दोन हजार वर्षें जें टिकलें, तें आमच्या माळ्यावर पंचवीस वर्षेंहि टिकलें नाहीं.

कारण काय, तें आम्हीं नंतर शोधिलें, आणि ज्यांच्या घरीं असा ठेवा असेल त्यांच्यासाठीं येथें लिहितों. लांकूड, पुठ्ठा, हलका कागद, ह्यांतून अम्लाची अतिसूक्ष्म वाफ सतत निघत असते. बंद पेटींत ती कोंडून राहते, आणि तिला दमटपणाची जोड मिळाली कीं शिसें हळूहळू गंजून त्याची पांढरी पूड होते. जुने रंगारी ज्यास सफेदा म्हणत तो त्यांतलाच प्रकार. सुंदर सागवानी पेटी केली म्हणून आम्ही मनांतून फुशारत होतों. शिशाच्या नाण्यास तिच्याएवढा वैरी दुसरा नाहीं. तीं धातूच्या कपाटांत, चांगल्या जातीच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, सुटीं सुटीं आणि कोरड्या जागीं ठेवावीं. दुसरें असें कीं ही पूड विषारी असते. आमच्या सौ.नीं तें ऐकतांच सगळ्या मुलांस मोरीवर नेऊन साबणानें हात धुवावयास लाविले, आणि ओसरी ओल्या फडक्यानें दोनदां पुसून काढली. त्यांचें बरोबर होतें.

एक जुनें पापहि येथें कबूल करतों. पैठणच्या पहिल्याच वर्षीं हातीं आलेलें तांब्याचें एक नाणें, ज्यावर सात-आठ अक्षरें स्पष्ट होतीं, आम्हीं चिंच आणि राख लावून घांसलें. देवघरांतील ताम्हन लखलखीत होतें तसें तें लखलखीत झालें. हिरवट थर गेला, आणि त्याच्याबरोबर अक्षरेंहि गेलीं; कारण अक्षरें धातूंत नव्हे, त्या थरांतच उरलीं होतीं. नाण्यावरची माती कोरड्या मऊ कुंच्यानें जितकी निघेल तितकीच काढावी.

पेटीच्या त्या दशेनें घर थोडा वेळ शांत झालें. मग नातवानें विचारलें, "आजोबा, रोमन जहाजें आपल्याकडे येत होतीं ना? मग हें डोंगराचें नाणें तसलें पैठणास कां सांपडत नाहीं?" प्रश्न इतका नेमका होता कीं आमचें दुःख क्षणभर मागें पडलें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या समुद्राचें एक प्रवास-टिपण लिहिलें. तें 'पेरिप्लस' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत आपल्या पैठणाचें नांव आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे हल्लींचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणाहून गोमेदासारखे दगड आणि तगराहून कापड भडोचास गाड्यांतून जातें, असें तो लिहितो. भडोचास उतरणाऱ्या मालांत सोन्याचांदीचें नाणें आहे, आणि तें देशी नाण्यांत बदलून घेतांना नफा होतो, असा पक्का वाण्याचा शेराहि आहे. आतां हीं जहाजें ईजिप्तच्या बंदरांतून निघत. परंतु ईजिप्त प्रांताचें जें स्वतःचें अलेक्झांड्रियाचें नाणें, तें ईजिप्तच्या वेशीबाहेर चालत नसे. परदेशीं जावयाचें तर जेथें तेथें कस लागेल असेंच सोनेंचांदी बरोबर हवें. म्हणून आपल्या देशांत जीं रोमन नाणीं सांपडतात तीं साम्राज्याचीं. त्यांतहि पुष्कळशीं ऑगस्टस आणि टायबीरियस ह्या दोन बादशहांचीं, आणि पुष्कळशीं दक्षिणेंत कोइमतूरच्या बाजूस. प्लिनी नांवाच्या रोमन पंडितानें हिंदुस्थान आमचे दरसाल पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो म्हणून रडगाणें गाइलें आहे. तें सोनें-चांदीचें रडगाणें होय. सीझरियाचा तांब्याचा पैसा गेला म्हणून कोणी रडलें नाहीं, कारण तो गेलाच नाहीं. आमचा शिशाचा हत्तीहि तसाच. तो पैठणच्या बाजारांत भाजी आणि तेल घेण्यासाठीं जन्मला, आणि बहुधा त्याच प्रदेशांत राहिला.

मौज अशी कीं, त्याच टिपणांत भडोचास उतरणाऱ्या मालांत तांबें, कथील आणि शिसें हींहि सांगितलीं आहेत. म्हणजे पैठणच्या नाण्यांतील शिशाचा कांहीं भाग तरी त्या जहाजांतूनच आला असावा. परदेशचें शिसें येथें येऊन आमच्या गांवचें झालें, प्राकृत बोलूं लागलें.

तेरच्या पांढरींत रोमन नाण्यांच्या छापाचीं मातीचीं पदकें सांपडलीं आहेत, आणि त्यांस ओंवण्यासाठीं कडी किंवा भोंक असतें. म्हणजे ज्यांस खरें नाणें परवडत नव्हतें त्या बायका मातीचें गळ्यांत घालीत असाव्या. हें ऐकून आमच्या वहिनी आपल्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ आठवून हंसल्या. पुतळीहि मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचीच लेक आहे, हें आम्हीं त्यांस सांगितलें.

त्या हंसण्याचें पुढें मात्र असें झालें. निघण्याच्या आधीं पांच दिवस नातवानें आम्हांस एकीकडे बोलावून म्हटलें, "आजोबा, उरलेल्यांतला एक शिशाचा हत्ती मला द्या. तिकडे खोलींत टेबलावर ठेवीन. मला घरचें वाटेल."

वाचकहो, मुलगा तीन वर्षें एकटा राहतो. मागितलें काय, तर एक शिशाचा तुकडा, ज्याची आम्हीं धड निगाहि राखली नाहीं. आणि आम्हांस नाहीं म्हणावें लागलें. १९७२ च्या प्राचीन वस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें खाजगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. तो अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्यानें नेमलेल्या संस्थेचा. मुलाचा चेहरा उतरला. वहिनींनीं हें ऐकून दोन दिवस आमच्याशीं सरळ बोलणें टाकलें. "पोरानें सातासमुद्रांपलीकडून आणून दिलें, आणि ह्यांच्यानें माळ्यावरचा भुगा सुटेना," असें त्या स्वयंपाकघरांत, पण आम्हांस ऐकूं येईल अशा बेतानें म्हणाल्या. कायद्याचें पुस्तक स्वयंपाकघरांत चालत नाहीं.

नातू मोठा विचारी. त्यानें हट्ट केला नाहीं. परंतु तिसऱ्या दिवशीं एक प्रश्न असा विचारला कीं आम्ही निरुत्तर झालों. "आजोबा, मग मी आणलेलें हें नाणें तुर्कस्तानांतून कसें बाहेर आलें असेल?" तुर्कस्तानचा कायदाहि आपल्याइतकाच कडक आहे. शंभर वर्षांपूर्वीं कोणी तें नेलें, कीं परवांच कोणी रात्रीं खणून काढलें? आम्हीं पुडीबरोबरचा कागद पुन्हां वाचला. वजन होतें, व्यास होता, सूचींतील क्रमांक होता, बादशहाचें नांव होतें. कोठें सांपडलें, तें नव्हतें.

"तुमच्या नाण्यांचें कोठें लिहिलेलें आहे?" त्यानें विचारलें.

आमच्याकडे एक वही आहे. तींत प्रत्येक नाण्याचें वाचन आहे, विभक्तीची चर्चा आहे, एका अक्षरावर दोन पानांचा वाद आहे. तें नाणें पांढरीच्या कोणत्या टोंकास, किती खोलीवर, कशाशेजारीं सांपडलें, ह्याविषयीं एक ओळ नाहीं. आम्ही संस्कृताचे मास्तर. अक्षर हातीं आलें कीं आम्हांस सर्व कांहीं मिळालें असें वाटे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हेहि संस्कृताचेच प्राध्यापक. परंतु १९३९ सालीं वऱ्हाडांतील तऱ्हाळा गांवीं सुमारें १,६०० सातवाहन नाण्यांचा सांठा निघाला, तेव्हां तो एकत्र मिळाला म्हणूनच त्यांस त्यावरून पुराणांत नसलेल्या राजांचीं नांवें वाचतां आलीं आणि तीं कोणत्या काळांत बसवावीं तें ठरवितां आलें. तेच १,६०० नग १,६०० मास्तरांच्या पेट्यांत गेले असते, तर काय झालें असतें? १८७८ च्या निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा कलेक्टरास कळवावा लागतो. दोन रुपयांचें नाणें त्या कलमांत बसत नाहीं, अशी आम्हीं तेव्हां आपली समजूत घालून घेतली होती. आतां तसलेंच नाणें बाजारांत शेंकडों रुपयांस जातें, हें कळल्यापासून ती समजूत पूर्वीइतकी गोड लागत नाहीं.

उरलेले दोन दिवस आम्ही दोघे ओसरीवर बसलों. त्यानें सोनाराकडे असतो तसला लहान कांटा मागवून प्रत्येक नाणें तोललें, मोबाइलवर दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं, आणि नव्या वहींत क्रमांक घातले. आम्हीं डोळे मिटून आठवावें आणि त्यानें लिहावें. झारेकऱ्याचा मुलगा कोठें राहत असे, पावसाचा दिवस होता कीं उन्हाळ्याचा, तो 'नागघाटाकडून' म्हणाला होता कीं आणखी कोठून. एकेका नाण्यासाठीं अर्धा अर्धा तास. एक नाणें त्यानें जाळ्यांतून सोडवून आणलें होतें, तें भोंकावरून ओळखलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं वहिनी चहा घेऊन आल्या आणि बसल्या. एक नाणें आम्हीं सुटीवर घरीं आलों असतां त्यांच्या देखत पुडींतून काढलें होतें, आणि त्यास लागलेली माती राखेसारखी काळी होती, हें त्यांना आठवत होतें. आम्हांस आठवत नव्हतें. तेंहि वहींत गेलें, त्यांच्या नांवानें.

एकेचाळीसांपैकीं अकरांचें ठिकाण कसेंबसें लागलें. बाकी तिसांपुढें नातवानें 'ठाऊक नाहीं' असें लिहिलें. पांच भुग्यांपुढेंहि लिहिलें, कारण त्यांचे क्रमांक गाळूं नयेत असें त्याचें म्हणणें पडलें. ही वही आणि पेटी, पेटी म्हणजे आतां प्लॅस्टिकचे डबे, घेऊन पुढील महिन्यांत आम्ही पैठणास बाळासाहेब पाटील संग्रहालयांत जाणार आहों. तेहि एका गांवकऱ्यानें हौसेनें जमविलेल्या वस्तूंतूनच उभें राहिलें आहे. तेथील मंडळींस हीं नाणीं उपयोगाचीं वाटलीं तर तेथेंच ठेवूं; घरांतील सर्वांनीं त्यास संमति दिली आहे.

नातू रात्रींच्या गाडीनें मुंबईस जाऊन विमानानें गेला. जातांना टेबलावर ठेवण्यासाठीं शिशाच्या हत्तीचें छायाचित्र त्यानें छापून नेलें. वहीचें शेवटचें पान त्याच्याच अक्षरांत आहे : 'क्रमांक ४२. तांबें. सेप्टिमियस सेव्हेरस, सीझरिया, डोंगर. जर्मनींत विकत घेतलें. सांपडल्याचें ठिकाण : ठाऊक नाहीं.'

क्षय मासाची हकीकत पुढील अंकीं.